सराईचं नाक

बंदरावरून वर येणारा रस्ता जिथे चढ संपवून जरा सपाट होतो, तिथे ती सराई आहे. मधे चौकोनी फरसबंद अंगण, चारी बाजूंनी जाड दगडी भिंतींच्या खोल्या. खाली मालाच्या छत्तीस, वर माणसांच्या तीस. शिडाची जहाजं होती त्या काळात वारा फिरेपर्यंत व्यापारी इथे महिनोन्‌महिने अडकून पडायचे. खाली आपला माल, वर आपण, आणि दिवसभर गॅलरीत बसून दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची, असा त्यांचा दिनक्रम. आता जहाजं वाऱ्याला विचारून सुटत नाहीत आणि मोठा माल थेट नव्या धक्क्यावर जातो. तरी ज्यांचा माल थोडा पण नाजूक असतो, असे व्यापारी अजून सराईतच उतरतात. कारण सराईत नाकमावशी आहे.

सराईचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच सगळे तो पाळायचे. फाटकातून आलेला माल आधी मावशीपुढे ठेवायचा. ती पोत्याचं तोंड सोडायची, वाकून एक लांब श्वास घ्यायची, डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "चौदा." किंवा "सव्वीस, पण दाराकडे नको, आत." मग चौदा म्हणजे चौदा. तिथे वशिला चालत नव्हता. एकदा खुद्द सराईच्या कारभाऱ्यांच्या मेव्हण्याने फाटकाजवळची खोली मागितली, तेव्हा मावशी म्हणाली, "पाहुणे, तुम्ही खुशाल फाटकाजवळ झोपा. तुमचं कातडं मात्र मागच्या बाजूलाच जाईल." मेव्हण्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणतात.

यात एवढं काय शास्त्र, असं नवख्याला वाटायचं. पण माल माणसासारखाच असतो, संगतीने बिघडतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण मावशी बैलांसाठी कधीच वापरत नसे. तिच्या लेखी ढवळ्या म्हणजे मिरी आणि पवळ्या म्हणजे चहा. चहा तर सगळ्यांत भोळा. शेजारी जो असेल त्याचा वास मुकाट्याने अंगाला लावून घेणार आणि मग जन्मभर सोडणार नाही. बरं, शेजार म्हणजे नुसती बाजूची खोली नव्हे. त्याच खोलीत आधी काय होतं, किती दिवस होतं, भिंत किती प्यायली, फळीत किती मुरलं, तेही आलंच. म्हणून खोली लावायची तर दोन गोष्टी लागतात, आत्ताचा वास आणि मागचा इतिहास. मावशीकडे दोन्ही होतं.

हे काम तिला सासूकडून आलं. सासू म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. या मुलीला फोडणी जळलेली कळते, एवढ्या एका गुणावर तिने सून पसंत केली होती. लग्नानंतर वर्षभर तिने सुनेला खोल्यांमागून खोल्या फिरवलं. सासू मरेपर्यंत तिचं नाक शाबूत होतं. शेवटच्या आजारपणातसुद्धा खाटेवरून म्हणाली होती, "अगं, एकवीसचं दार उघडं राहिलंय." आणि खरोखरच राहिलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षं मावशी. कामाबरोबर फाटकावरच्या दोन खोल्या राहायला. तिचा नवरा तिथेच गेला, मुलगा तिथेच वाढला आणि जहाजावर चढला. तो वर्षातून एकदा यायचा. एरवी घरात मावशी आणि तिची सून, दोघीच.

गावालाही मावशीचा उपयोग होता, पण तो वेगळा. या गावच्या जुन्या माणसांना जन्मतारखा माहीत नसायच्या. त्यांच्या आयांनी सांगितलेलं असायचं, "मिरी भिजली त्या वर्षी तू झालास," किंवा "काचेचं जहाज फुटलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात." आता कचेरीतल्या अर्जावर मिरी भिजली असं कसं लिहिणार? मग ती माणसं मावशीकडे यायची. मावशी म्हणायची, "मिरी भिजली ते सासूबाईंच्या वेळचं. नऊ नंबरात होती. त्याच वर्षी दहाव्यात पहिल्यांदा रबर आलं. म्हणजे बाबा, तुमची साठी झाली. आता तरी केस काळे करणं सोडा." तिने सांगितलेलं साल कचेरीतला कारकून मुकाट्याने मांडून घ्यायचा. गावाच्या कागदांपेक्षा सराईच्या भिंतींना जास्त आठवतं आणि भिंतींचं सगळं मावशीला आठवतं, असा सगळ्यांचाच विश्वास होता.

तर अशा मावशीला चार महिन्यांपूर्वी ताप आला. साधासुधा नाही, बारा दिवस अंथरुणातून उठू न देणारा. तेवढे दिवस सुनेने सराई सांभाळली. सून चटपटीत होती, नाकही बरं होतं, पण मावशी तिला अजून कच्चीच समजायची. मावशीची शिकवण्याची एक खोड होती. सुनेचं काही चुकलं तर बोलायची नाही. कुलूप नीट लागलेलं नसलं तर दोन दिवस तशीच वाट बघायची, सुनेच्या आपणहून लक्षात येईपर्यंत. आणि आलं की म्हणायची, "मला परवाच कळलं होतं." सुनेला या वाक्याचा भारी राग यायचा. कुणालाही येईल.

ताप उतरला. तेराव्या दिवशी मावशी काठी टेकत खाली आली आणि नेहमीप्रमाणे आधी पाच नंबरचं दार उघडलं. पाचात कॉफी असायची. तो वास तिच्या आवडीचा, दिवसाची सुरुवात ती त्यानेच करायची. दार उघडलं, डोळे मिटले, श्वास घेतला. काही नाही. तिने डोळे उघडून पाहिलं, तर पोती छतापर्यंत रचलेली. पुन्हा श्वास घेतला. एका पोत्याला तोंड लावून घेतला. मग सहा, मग सात, मग घाईघाईने काठी टेकत मागच्या बाजूचं कातडं. छत्तीसच्या छत्तीस खोल्या तिला कुणीतरी धुऊन पुसून ठेवल्यासारख्या वाटल्या. ती अंगणातल्या पायरीवर बसली. सुनेने वरून विचारलं, "आई, चक्कर आली का?" मावशी म्हणाली, "नाही गं, ऊन खातेय."

दूरच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांकडे ती गुपचूप जाऊन आली. त्यांनी नाकात बॅटरी मारली, मान हलवली आणि सांगितलं, "आजी, येईलही परत, नाहीही येणार. वाट बघा." एवढं सांगायला एवढं शिकावं लागतं का, असं पुटपुटत मावशी परत आली. मात्र घरी काही बोलली नाही. ज्याचं नाक चालतं त्याच्या त्या दोन खोल्या, हे सराईत सर्वांना ठाऊक होतं. मुलगा जहाजावरून येऊन उतरणार कुठे? आणि त्याहून मोठं म्हणजे, चाळीस वर्षं गाव जिला नाकमावशी म्हणतं, तिने नुसतं मावशी म्हणून कसं राहायचं? तिला भीती वाटत होती. साधी, सरळ भीती.

मग तिने निभावून नेलं. माल आला की पूर्वीसारखीच वाकायची, डोळे मिटायची, लांब श्वास घ्यायची. फक्त आता त्याआधी सहज गप्पा मारायची. "यंदा पीक कसं? कुठल्या उतारावरचं? वाटेत बोटीत शेजारी काय होतं?" बोटांना तेलकट लागतं का बघायची. मग राहिलेलं काम आठवणीवर. कुठल्या खोलीत केव्हा काय होतं ते सगळं डोक्यात होतंच. फक्त ते तापाचे बारा दिवस कोरे होते. ते तिने सुनेला विचारून घेतले. "माझ्या मागे काय काय आलं, कुठे ठेवलंस?" सुनेने घडाघडा सांगितलं. काथ्या तीसमध्ये, कागदाचे गठ्ठे आठमध्ये, साबणाची खोकी सातमध्ये. मावशीने ते मनात जागच्या जागी लावून टाकलं. घरातही तिचं नाटक चोख चालू होतं. सून जेवण करायला लागली की मावशी दारातूनच म्हणायची, "वा, काय वास सुटलाय!" सून खूश व्हायची. चार महिने असे गेले आणि कुणाला पत्ता लागला नाही.

आणि मग चहाशेठ आले. हा बुटका, सुकलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याचे वडीलही सराईतच उतरायचे. वर्षातला सगळ्यांत पहिला, कोवळा चहा घेऊन तो यायचा. चाळीस खोकी. जहाज लागायला तीन आठवडे अवकाश होता, तोवर चहा सराईत राहणार. वर्षभराचा त्याचा सगळा संसार त्या चाळीस खोक्यांत. त्याने पहिल्या खोक्याचं झाकण उघडलं आणि तो बाजूला सरला. मावशी वाकली. डोळे मिटले. आत काहीच नव्हतं, ना चहा, ना लाकूड. ती नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबली, मग म्हणाली, "छान आहे. गेल्या वर्षीपेक्षा कोवळा." हे तिने पानांच्या रंगावरून ताडलं होतं. "अकरा."

अकरा नंबर तिने आदल्या दिवशीच ठरवून ठेवला होता. ती लग्न होऊन आल्यापासून अकरात फक्त कापड आणि कागद आले होते. वास नावालाही नाही. हमालांनी खोकी रचली, मागच्या भिंतीच्या फळीवर, मधे, पुढे. शेठने कुलूप लावलं, दुसरी किल्ली मावशीच्या हातात दिली आणि तो वर जाऊन झोपला. सून तेव्हा बाजारात गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दारं उघडून खोल्यांना हवा द्यायला निघाली. अकराचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थिजली. रात्रभर कोंडलेल्या हवेत चहाचा वास होता आणि त्याच्या आडून, हलका पण स्वच्छ, फुलांच्या साबणाचा.

सुनेला कारण शोधावं लागलं नाही. मावशीच्या तापात सातच्या कोपऱ्यात नळ फुटला होता. साबण भिजायला लागला, घाईघाईत तिने खोकी उचलली आणि अकरा मोकळी दिसली म्हणून तिथल्या फळीवर ठेवली. नऊ दिवस ती तिथेच होती. मग सात वाळल्यावर परत नेली, फळी पुसली, दार उघडं ठेवलं आणि वास गेला असं समजून गप्प बसली. मावशीने विचारलं तेव्हा सात म्हणून सांगितलं. सातमध्ये होतीच ना ती, आधी आणि नंतर! मधलं गाळलं एवढंच.

आता बघा, दुसरं कुणी असतं तर त्याला पहिला प्रश्न पडला असता की मावशीला हा वास कसा आला नाही? सुनेच्या मनात तो आलाच नाही. मावशीला वास येत नाही, हे तिला सूर्य मावळतीला उगवण्याइतकं अशक्य होतं. तिने दुसराच अर्थ लावला. मावशीला पहिल्या क्षणीच कळलंय. कळूनसुद्धा तिने मुद्दाम चहा अकरात ठेवलाय आणि आता ती वाट बघतेय, सून आपणहून कबूल करते का ते. सुनेला आपली चूक आठवून लाज वाटली. आणि त्याबरोबर रागही आला. मला धडा शिकवायला परक्या माणसाचं वर्ष पणाला लावायचं?

ती तशीच जिना चढून वर गेली. मावशी भाजी निवडत होती.

"आई, झालं का तुमच्या मनासारखं?"

मावशीने वर बघितलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साबण मीच ठेवला होता अकरात. नऊ दिवस. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. चुकलं माझं, शंभरदा चुकलं. पण तुम्हाला काल दार उघडल्याबरोबर कळलं असणार. मग मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या! शेठजींचा चहा कशाला आत ढकललात?"

मावशीच्या हातातली भाजी हातातच राहिली. अकरात साबण. आणि दुसऱ्याच क्षणी तिला समजलं की सुनेने तिच्यापुढे पळून जायला एक मोठं दार उघडून ठेवलंय. तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त मान हलवायची होती. नेहमीचंच वाक्य म्हणायचं होतं.

"मला कालच कळलं होतं," मावशी म्हणाली.

माणूस चांगला असला तरी भ्यालेला माणूस असा वागतो. मावशीला त्यात दोष द्यायचा तर द्या. पण वाक्य तोंडातून निघालं आणि सुनेने ज्या नजरेने तिच्याकडे बघितलं, ती नजर तिला आयुष्यात कुणाकडून मिळाली नव्हती. त्या नजरेत आदर होता, पण माया संपलेली होती.

सुनेने पदराने डोळे पुसले, खाली गेली आणि दोन्ही मुठी भरून परत आली. मावशीपुढे तिने ताटात चहाच्या दोन ढिगल्या केल्या.

"ही मधल्या खोक्यातली. ही फळीवरच्या. एकच रात्र झालीय. मला वाटतं मधल्याला लागला नाही, फळीवरच्याला लागलाय. पण मी कच्ची. माझ्या भरवशावर शेठजींना काय सांगू? तुम्ही सांगा."

तिने ताट उचलून मावशीच्या नाकाशी धरलं.

मावशीने श्वास घेतला. सवयीने डोळे मिटले. आत तोच कोरेपणा, चार महिन्यांचा. एक ढिगली, दुसरी ढिगली, दोन्ही सारख्याच मुक्या. नाही लागला म्हणावं, तर जहाज सुटेल आणि पलीकडच्या बंदरात शेठची खोकी उघडताच लोक नाकं मुरडतील. लागला म्हणावं, तर धडधाकट चहा कचऱ्यात. आतापर्यंत खोल्या अंदाजाने लावल्या होत्या, त्या आठवणीच्या जोरावर लागल्याही. पण या दोन मुठींबद्दल आठवण काय सांगणार? त्यांना इतिहासच नव्हता, फक्त कालची रात्र होती.

"आई?"

"तूच सांग," मावशी म्हणाली.

"पुन्हा परीक्षा? आत्ता?"

"परीक्षा नाही गं." मावशीने ताट खाली ठेवलं. "मला येत नाही वास. तापापासून काहीच येत नाही. कालही आला नव्हता. मघाशी बोलले ते खोटं."

सून आधी हसली. मावशीचा चेहरा बघून थांबली. खाली कुणाची तरी हातगाडी फरशीवरून खडखडत गेली.

"चार महिने?"

"चार महिने."

"म्हणजे रोज दारातून म्हणायचात, काय वास सुटलाय, ते?"

"ते पण खोटं."

"परवा तर भाजी तळाला लागली होती आई! करपट वास अख्ख्या सराईत! आणि तुम्ही म्हणालात, वा!"

"मला वाटलं, तू नेहमीच्या वेळेला करतेयस, तर म्हणून टाकावं."

सुनेला हसू आवरेना, आणि हसता हसता ती मावशीच्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागली. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. कुणाचं खोटं मोठं, हा हिशेब दोघींनीही केला नाही.

थोड्या वेळाने मावशी म्हणाली, "ऊठ. रडून चहा सुधारत नाही. आधी तो अकरातून हलवायचा. तू फिर आणि खोली बघ. मी मागून येते."

सून पुढे निघाली. प्रत्येक मोकळ्या खोलीचं दार उघडून ती आत जायची, कोपऱ्यात वाकायची, फळी हुंगायची. अठराशी थांबली. "ही बघा आई, एकदम कोरी. भिंतसुद्धा कोरडी."

मावशी उंबऱ्यात उभी होती. तिने आत पाऊलही टाकलं नाही. "आज कोरी आहे. आज हवा कोरडी आहे म्हणून. सव्वीस वर्षांपूर्वी इथे माशाच्या तेलाचं पिंप फुटलं. फरशीखालची माती ते प्यायलीय. हवा दमट झाली की ही खोली बोलायला लागते. जहाज लागेपर्यंत हवा दमट होईल की नाही?"

सुनेने पुन्हा वाकून फरशी हुंगली. काही नव्हतं. तिने मान वर केली. "हे मला कधीच कळलं नसतं."

"आणि अकरा मला. चल पुढे."

तेहतीसमध्ये कायम काचेचा माल राहायचा, काचेला ना वास ना गुण. सून आत जाऊन आली, म्हणाली, "नुसता पेंढा आहे, तो काढला की झालं." मावशी म्हणाली, "मागेही काही नाही." तेहतीस ठरली.

मग दोघी शेठकडे गेल्या. शेठ गॅलरीत दाढी करत होता आणि कारभारी बाजूला वर्तमानपत्र वाचत होते. मावशीने काही हातचं राखलं नाही. अकरात साबण होता, तो सुनेने सांगितला नाही. आपलं नाक चार महिन्यांपूर्वी गेलं, ते आपण सांगितलं नाही. काल तुमच्या चहावर वाकले ते नुसतं नाटक होतं. एवढं सगळं तिने एका दमात, उभ्याने सांगितलं. कारभाऱ्यांचं वर्तमानपत्र खाली आलं. शेठने अर्धी दाढी तशीच ठेवून साबणाचा फेस पुसला. सुनेने तो फेस पाहून डोळे मिटले.

"पाणी उकळा," शेठ एवढंच म्हणाला.

अंगणात एक लांब बाक मांडला गेला. त्यावर सराईतल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या कपबश्या, काही फुटक्या कानाच्या, काही बिनबशीच्या. प्रत्येक खोक्यातली चिमूटभर पत्ती एकेका कपात, वर उकळतं पाणी, वर झाकण. चाळीस कपांची रांग. खोल्यांतून माणसं बाहेर आली, कातड्याचा व्यापारी, काथ्यावाला, वरचे खलाशी. शेठ एकेक झाकण उचलायचा, वाफ हुंगायचा, चमचाभर तोंडात घेऊन खुळखुळवायचा आणि बाजूला थुंकायचा. दहा झाले. वीस झाले. मावशी खांबाला टेकून उभी होती. तिला तिच्या दोन खोल्यांची आठवण आली नाही. मुलाचीही नाही. हा माणूस वीस वर्षं आपल्या एका शब्दावर कुलूप लावून वर झोपायला गेला, एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्याची तिला फार लाज वाटत होती.

एकतिसाव्या कपाला शेठ थांबला. तो कप त्याने पुढे सरकवला. चौतिसावा. मग अडतिसावा. बाकी पास.

"तीन," शेठ म्हणाला. "तिन्ही फळीवरची. सदतीस चांगली आहेत. आणखी एक रात्र गेली असती तर पंधरा-वीस गेली असती." त्याने सुनेकडे बघितलं. "तुला कुठली वाटली होती?"

"फळीवरची," सून हळूच म्हणाली.

"आता कुठे ठेवताय?"

"तेहतीसमध्ये. मी अठरा म्हणत होते. आई नको म्हणाल्या. तिथे माशाचं तेल..."

"पिंप फुटलं ते!" शेठ पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलला. "आमच्या वडिलांचा चहा त्या वर्षी गेला होता. शेजारच्या सतरात होता, दमट हवेत गेला. कुठल्या खोलीमुळे, ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. अठरा होय!" तो बराच वेळ अठराच्या दाराकडे बघत राहिला.

कारभाऱ्यांनी घसा खाकरला. "शेठजी, झाला प्रकार वाईट. सराईची इभ्रत आहे. आता मावशींच्या जागी..."

"कारभारी," शेठ म्हणाला, "मावशी बोलली नसती तर मला पलीकडच्या बंदरात कळलं असतं. माझा माल यापुढे या दोघींनी मिळून लावायचा. एकटीने नाही. तुम्ही तर मुळीच नाही."

कारभाऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. त्यांना मेव्हण्याचं कातडं आठवलं असावं. ते म्हणाले, "बरं," आणि निघून गेले.

"आणि ही तीन खोकी?" काथ्यावाल्याने विचारलं.

"ती कुणाला विकू? ठेवा इथेच. प्या सगळ्यांनी मिळून. शिक्षा समजा."

त्याच दुपारी सुनेने मोठं पातेलं भरून त्या खोक्यांतला पहिला चहा केला. फुकटचा चहा म्हटल्यावर अंगणात सगळी सराई जमली. खलाशाने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. कातड्याचा व्यापारी म्हणाला, "आंघोळ केल्यासारखं वाटतंय." कारभाऱ्यांनी एकच घोट घेतला आणि कप हळूच झाडाच्या कुंडीत रिकामा केला. शेठने तर हातच लावला नाही. मावशीने मात्र दोन्ही हातांनी कप धरून सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायला. गरम होता, गोड होता, घशाला बरा वाटत होता. सगळे आपल्याकडे बघतायत हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "चांगला तर आहे!"

आधी सून हसली, मग शेठ, मग सगळं अंगण. मावशीला कारण कळायला एक क्षण लागला. मग तीही हसायला लागली, चारचौघांत, तोंडावर पदर न घेता. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि रिकामा कप सुनेपुढे धरला.

"अजून दे," ती म्हणाली. "तीन खोकी आहेत. संपवायला माझ्याशिवाय कोण आहे तुम्हाला?"